शेऱ्यातलं नाव

नगर,
९ ऑक्टोबर २०२३

गुरुवर्य सरांना अंगदचा साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून तुम्ही म्हणाल, पोराचं काहीतरी अडलेलं दिसतंय, एरवी याला सर आठवत नाहीत. खरं आहे, अडलंय. फोन केला असता, पण मागच्या वेळी तुम्हाला ऐकू यावं म्हणून मी अर्धा तास ओरडत होतो आणि शेवटी तुम्ही ‘बरं, पेरू पाठवतो’ म्हणून फोन ठेवलात. मी पेरू मागितले नव्हते. शिवाय तंत्रनिकेतनात तुम्हीच शिकवलंत की प्रोग्रॅम आधी कागदावर चालला पाहिजे. तर हा कागद.

आमच्या कंपनीला श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याचं काम मिळालंय. ऊसतोड कामगारांची नोंदणी, ओळखपत्रं, कोणती टोळी कुठल्या फडात आहे, ते सगळं. मी ‘टोळी’ हा साचा जेनेरिक केला. म्हणजे साचा एकदाच लिहायचा आणि आत काय भरायचं ती जागा मोकळी ठेवायची, तुम्ही फळ्यावर नुसता ‘ट’ काढायचात तसं. फक्त एक बंधन घातलं, की त्या जागी जे येईल ते ‘कामगार’ असलं पाहिजे, त्याला स्वतःचं नाव, वय, फोटो आणि अंगठा असला पाहिजे. या बंधनाच्या भरवशावर त्रेचाळीस ठिकाणी कोड लिहून झालाय.

आता कारखान्याचे लोक म्हणतात, आम्ही माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी पाथर्डीकडचा, माझे पुंजाराम चुलते आणि बायडाकाकू दर साल ऊस तोडायला जातात. पण कोड लिहिताना ते डोक्यातच आलं नाही. कोयता हा कामगार नाही, कामगारांची जोडी आहे. म्हणून कम्पायलर त्याला टोळीत घेत नाही, दारातच अडवतो. बंधन काढावं तर त्रेचाळीस ठिकाणं मोडतात. हंगाम तीन आठवड्यांवर आलाय आणि साहेब रोज टेबलाशी येऊन उभे राहतात. काही वाट आहे का?

आपला,
अंगद

*

राहाता,
१४ ऑक्टोबर २०२३

चि. अंगदला अनेक आशीर्वाद.

पेरू मागितले नव्हतेस, पण खाल्लेस ना? अडला हरी म्हणून माझे पाय धरलेस, तेव्हा या म्हणीतलं गाढव कोण ते मी विचारत नाही.

तुझं कोडं वाचून फार बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून लोक मला फक्त औषधांबद्दल आणि बागेबद्दल विचारतात. दोन वाटा आहेत.

पहिली सरळ. कामगाराच्या वर ‘घटक’ नावाचा एक प्रकार कर. त्याच्याखाली कामगारही येईल आणि कोयताही. कोयत्याला आत दोन जागा दे आणि दोन्ही जागी पूर्ण कामगार बसव, फोटो-अंगठ्यासकट. टोळीचं बंधन ‘घटक’ असं कर. मग त्या त्रेचाळीस ठिकाणी जा आणि प्रत्येकाला शिकव की समोर एक माणूस आहे की दोन, हे आधी विचार. मनापासून केलंस तर महिना लागेल.

दुसरी आडवाट. कोयत्यालाच कामगार म्हणवून घे. कामगाराच्या पोटीच त्याला जन्माला घाल, म्हणजे बंधन आपोआप पाळलं जातं. नाव, वय, फोटो, अंगठा जोडीतल्या पहिल्याचा. दुसरीचं नाव शेऱ्याच्या रकान्यात टाक. कम्पायलर चकार शब्द काढणार नाही. चार दिवसांचं काम. बंधन ही काही भिंत नसते, फाटक असतं, आणि त्याची कडी कुठून निघते हे ज्याला कळतं तो खरा प्रोग्रॅमर. तीस वर्षं मी पोरांना हेच सांगत आलो.

आडवाटेने गेलास तर त्या ओळीच्या डोक्यावर मराठीत ‘तात्पुरतं’ असं लिहून ठेव. हंगाम सुरू झाला की काढून टाक.

तुझा,
राधाकृष्ण सर

*

नगर,
२७ नोव्हेंबर २०२३

गुरुवर्य सर, साष्टांग नमस्कार.

आडवाटेनेच गेलो. चार दिवस म्हणालात, मला तीनच लागले. कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडायच्या आत सहाशे बारा कोयते नोंदवून झाले. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

नोंदणीला आमच्या गावी मीच गेलो होतो. मारुतीच्या पारावर कॅमेरा लावला. चुलत्यांचा फोटो झाला, अंगठा झाला, तशी बायडाकाकू पदर सारखा करून स्टुलावर बसली. मी म्हणालो, “काकू, तुझा लागत न्हाई.”

“का रं? मी काय नुसत्या भाकरी थापाया जाती व्हय?”

सगळे हसले, मीही हसलो. म्हणालो, तुझं नाव आत शेऱ्यात हाय, काळजी करू नको. ती उठली आणि स्टूल पुढच्या माणसासाठी सरकवून दिलं.

‘तात्पुरतं’ लिहून ठेवलंय.

आपला,
अंगद

*

पोस्टकार्ड
राहाता, १० डिसेंबर २०२३

चि. अंगद, आशीर्वाद. तात्पुरतं काढलंस का? तसं लिहून ठेवलं की काढल्यासारखंच वाटतं, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. पेरू वेगळे पाठवले आहेत, या वेळीही मागितले नाहीस तरी.
– रा. सर

*

नगर,
२२ जुलै २०२४

गुरुवर्य सर, नमस्कार.

तुमच्या कार्डाला उत्तर द्यायचं राहिलं, माफ करा. हंगाम संपला, मग दुसरं काम आलं, तसं होत गेलं.

एक तांत्रिक शंका आहे. समजा एका कोयत्यातला पहिला माणूस मयत झाला. प्रोग्रॅम ती नोंद बंद करतो, आणि नोंद बंद झाली की टोळीतून सगळा कोयताच जातो. दुसरीचं नाव शेऱ्यात असतं, ते कुठल्याच यादीत येत नाही. टोळीलाच असं विचारता येईल का, की तुझ्यात मुळात कोयते भरले होते ना, मग त्यातली दुसरी माणसं मला वेगळी काढून दे? उदाहरणादाखल विचारतोय.

आपला,
अंगद

*

राहाता,
२९ जुलै २०२४

चि. अंगदला अनेक आशीर्वाद.

पत्र इतकं कोरडं की मला वाटलं बँकेचंच आलंय. असो.

तुझ्या शंकेचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते का, हे तू तिसऱ्या सत्रात माझ्याकडून शिकला होतास. जेनेरिक साच्यावर आपण जे लिहितो ते फक्त कम्पायलरसाठी असतं. प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालू लागला की ते पुसलेलं असतं. टोळीला विचार, तुझ्यात काय भरलं होतं? तिला सांगता येणार नाही. तिला फक्त बंधन आठवतं, कामगार. एकेक नोंद उघडून पाहिलीस तर ती म्हणेल मी कोयता आहे, पण त्या कोयत्यातही तू माणूस एकच ठेवलास. दुसरी म्हणजे शेरा, नुसती अक्षरं. अक्षरांना वय नसतं, अंगठा नसतो. जे मुळात घेतलंच नाही ते यंत्र तुला कुठून काढून देणार?

तेव्हा पहिल्या वाटेने जा. शेऱ्यातली नावं एकेक काढ, माणसं गाठ, फोटो घे, कोयत्याला दोन खऱ्या जागा दे. महिनाभराचं काम आहे, पण इतकी घाई कसली? उदाहरणातला माणूस मेला तर कुणाच्या घरी चूल थांबत नाही.

बागेत यंदा बहर बरा आहे. एकदा येऊन जा.

तुझा,
राधाकृष्ण सर

*

नगर,
१४ नोव्हेंबर २०२४

सर, नमस्कार.

ते उदाहरण नव्हतं. पुंजाराम चुलते जूनमध्ये गेले. बांधावरच छातीत कळ आली आणि पाथर्डीला नेईपर्यंत संपलं. मी तुम्हाला लिहिलं तेव्हा तेरावा होऊन महिना झाला होता. मला लिहायची लाज वाटली, म्हणून उदाहरण म्हणालो.

त्यांना एकच मुलगी, पंकजा. आठवीत आहे. आई-बाप उसाला गेले की ती पाथर्डीला एका संस्थेच्या वसतिगृहात राहते. तिथे एकच अट आहे. बाप किंवा आई ऊसतोड कामगार असल्याचा कारखान्याचा छापील दाखला दर साली आणायचा. आजवर चुलत्यांच्या नावाचा निघायचा. तो दाखला गेल्या वर्षापासून माझा प्रोग्रॅम काढतो.

ऑक्टोबरच्या आठ तारखेला काकू आणि पंकजा एसटीने नगरला माझ्या ऑफिसात आल्या. मी काकूचं नाव टाकलं. ‘या नावाचा कामगार नाही’ असं आलं. काकू एकवीस वर्षं ऊस तोडते, सर. तिने विचारलं, “काय म्हनतंय रं?” मी म्हणालो, मशीन जरा बंद हाय, मी हातानं लिहून देतो. लेटरहेडवर लिहिलं, शिक्का मारला. वसतिगृहाच्या कारकुनाने तो कागद परत दिला. म्हणाला, हाताने लिहिलेलं कोणीही आणतं, यादीत नाव दाखवा. पंधरा तारखेला प्रवेश बंद झाले.

आता जे खरं आहे ते लिहितो. तुमचं उत्तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मला मिळालं होतं. काय करायचं ते सगळं त्यात होतं. प्रवेश बंद व्हायला दोन महिन्यांच्या वर अवकाश होता. पण महिनाभराचा वेळ साहेबांकडे मागायचा, तर गेल्या वर्षी ज्यावर पाठ थोपटून घेतली ते काम जुगाड होतं हे सांगावं लागणार होतं. माझ्या बढतीचं चाललं होतं. मी ठरवलं, पुढच्या आठवड्यात सांगू. असे नऊ आठवडे गेले. मी विसरलो नव्हतो, सर. रोज आठवत होतं.

वसतिगृहाने नाही म्हटल्यावर मी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी वेळ दिला. गावोगाव माणसं पाठवून फोटो घेतले. तुमच्या पहिल्या वाटेने लिहिलं. कोयत्याला दोन जागा, दोन्ही भरल्याच पाहिजेत, दोन्ही ठिकाणी पूर्ण कामगार, आणि अठराच्या आतला कोणी असेल तर घ्यायचाच नाही, असंही बंधन घातलं. आता यादीत सहाशेच्या वर बाया आहेत, स्वतःच्या नावाने. काकूही आहे. हे सगळं नोव्हेंबरच्या सहा तारखेला झालं.

तोवर दिवाळी होऊन टोळी निघाली होती. टोळीचा मुकादम वाल्मिक काकूला म्हणाला, “अर्धा कोयता घिऊन मी काय करू, वैनी? जोडीदार दाव.” एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, हे तुम्हाला माहीत असेल. घरात दुसरं माणूस एकच होतं. पंकजाने दप्तर आमच्या आईकडे ठेवलं आणि ट्रकमध्ये चढली. मी त्या दिवशी गावी गेलो नाही.

अंगद

*

राहाता,
६ जानेवारी २०२५

चि. अंगद,

तुझं पत्र मिळून दोन महिने होत आले. चार वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. शेवटी पत्र लिहिण्याऐवजी एसटीने श्रीगोंद्याला गेलो. वाल्मिक मुकादमाची टोळी विचारत विचारत गाठली. कॅनॉलच्या कडेला त्यांच्या कोप्या, पाल्याच्या झोपड्या, आहेत.

दुपारची वेळ होती. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर तुझ्या काकूने हातवारे केले, पण पंकजाने सरळ माझ्या खिशातली वही-पेन घेतली आणि लिहून उत्तरं देऊ लागली. अक्षर सुरेख आहे. बोटांना चिंध्या बांधल्या होत्या, पाचट कापतं म्हणून. मी विचारलं, अभ्यासाचं काय? तिने लिहिलं, ‘समीकरणं निम्मी झाली होती.’ मी तिथेच बसून तिला तीन समीकरणं घातली. तिन्ही सोडवली. मग काकूने हाक मारली आणि ती मोळ्या बांधायला गेली.

मी काकूंना म्हणालो, पोरीला माझ्याकडे राहात्याला पाठवा, मी शिकवतो, घरात आम्ही दोघंच आहोत. त्या काय म्हणाल्या ते पंकजाने नंतर वहीत लिहून दिलं, जसंच्या तसं: ‘तुमी चांगलं मानूस हाय, गुरुजी. पर मंग माझ्यासंगं कोन? उद्याच्याला मुकादम दोगींना बी घरी धाडंल.’ 

आता मी माझ्याबद्दल लिहितो. माझ्या भावाच्या उसात तीस वर्षं टोळ्या येत आहेत. पुरुष तोडतो, बाई मागून मोळ्या बांधते, मग तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते, हे मी बांधावर चहा पीत पाहिलेलं आहे. तरी तुला लिहिताना ‘दुसरीचं नाव शेऱ्यात टाक’ असं माझ्या हातून सहज लिहिलं गेलं. तुला घाई होती. मला नव्हती. मी आरामखुर्चीत बसून लिहिलं, आणि फाटकाची कडी दाखवल्याचा आनंद मला झाला. आणि ते चुलीचं वाक्य मी लिहिलं, ते तू वाचलंस. अंगद, मला त्याची फार लाज वाटते.

एक गोष्ट तुला सांगायला हवी. निघताना पंकजाने मला कारखान्याचं ओळखपत्र दाखवलं. तुझ्या नव्या प्रोग्रॅमचं. तिचा फोटो छान आला आहे, आणि ती ते गळ्यात घालून ऊस तोडते. त्यावर तिचं वय एकोणीस छापलेलं आहे. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. तुला हे माहीत आहे का?

राधाकृष्ण सर

*

अहिल्यानगर,
२१ जून २०२५

गुरुवर्य सर, साष्टांग नमस्कार.

माहीत नव्हतं. तुमचं पत्र वाचल्यावर पाहिलं. कोयत्याच्या दोन्ही जागा भरल्याशिवाय माझा प्रोग्रॅम पुढे जात नाही, आणि अठराच्या आत घेत नाही. म्हणून वाल्मिकने एकोणीस टाकलं. प्रोग्रॅमला दोन कामगार मिळाले, त्याने कार्ड छापलं. पोरीला वाचवायला म्हणून मी जे बंधन घातलं होतं त्याने तिला सहा वर्षांनी मोठं केलं. तेव्हा लगेच दुरुस्त करायला हवं होतं. पण नोंद काढली तर काकू अर्धी राहते आणि हंगामाच्या मधोमध दोघींचं काम जातं. म्हणून मी हंगाम संपेपर्यंत गप्प बसलो. हे बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मार्चमध्ये दोघी परत आल्या. यंदा वसतिगृहाने प्रवेश जूनमध्येच ठेवले होते, म्हणून शाळा उघडली तसा मी पंकजाला घेऊन तिथे गेलो. काकूच्या नावाचा छापील दाखला होता, यादीत नाव होतं. कारकुनाने यादी वाचता वाचता बोट खालच्या ओळीवर ठेवलं. “पंकजा पुंजाराम, कामगार, वय एकोणीस. ही हीच का? हे पोरांचं वसतिगृह हाय, कामगारांचं न्हाई.” मी जन्माचा दाखला दाखवला. तो म्हणाला, मग यादी नीट करून आणा.

मी साहेबांना म्हणालो, खरं वय टाकू, तेरा. त्यांनी कारखान्याला विचारलं. तिकडून निरोप आला की तेरा वर्षांची मुलगी आमच्या यादीत राहू शकत नाही. एकोणीस तरी ठेवा, नाहीतर नोंदच काढा. तेरा मात्र लिहू नका.

काकूला सांगितलं. ती म्हणाली, “काढ. पोरगी शिकंल.”

काढायला बसलो तर निघेना. दुसरी जागा रिकामी ठेवायला प्रोग्रॅम तयार नव्हता, ते बंधन मीच घातलेलं. मग त्या एका नोंदीपुरती आडवाट काढली. रिकाम्या जागेला कामगार म्हणवून घेतलं आणि कम्पायलरने जो इशारा दिला तो गप्प केला. दोन ओळी लागल्या. या वेळी त्यावर ‘तात्पुरतं’ लिहिलं नाही.

पंकजा शेजारच्या खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होती. तिचं नाव होतं तिथे पांढरी जागा झाली. तिने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, “दादा, मंग गेल्या साली आईसंगं ऊस कुनी तोडला म्हनायचं?”

मी म्हणालो, कोणी नाही.

 वसतिगृहात तिला जागा मिळाली आहे. येत्या सोमवारपासून ती पुन्हा आठवीच्या वर्गात बसते.

आपला,
अंगद